होडीतले शौचालय आणि नर्मदेचे पाणी

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याच्या रांगा उतरून नर्मदेला मिळतात. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताने बाधित झाली. २०१७ च्या जूनमध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचले. पाणी दऱ्याखोऱ्यांत आत शिरले, टेकड्यांची बेटे झाली, पायवाटा बुडाल्या. मणिबेली, चिमलखेडी, डनेल अशा गावांच्या पाड्यांवर जायचे तर आज अनेकदा होडी किंवा बार्ज हाच रस्ता असतो. लसीकरण पाण्यावरून जाते, पोषण आहार पाण्यावरून जातो, अडलेली बाळंतीणही पाण्यावरूनच येते. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, गरोदर स्त्रिया आणि बालकांपर्यंत पोहोचण्यासाठी रोज सुमारे १८ किलोमीटर होडी वल्हवत होत्या. त्याची बातमी देशभर झाली.

या पाण्यावरच्या आरोग्यसेवेबद्दल बोलताना डिझेल, इंजिन, औषधे, ऑक्सिजन या सगळ्यांची चर्चा होते. तरंगता दवाखाना असो की बोट ॲम्ब्युलन्स, त्यावरची माणसे लघवी-शौचाला कुठे जातात हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पुरुष कर्मचारी काठाला होडी लावून उतरतात. परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका आणि महिला रुग्ण सकाळपासून पाणी पीत नाहीत.

पाणी न पिण्याची किंमत शरीर मोजते. लघवी तासन्‌तास अडवली की मूत्राशयात जंतू वाढायला अवधी मिळतो. गरोदरपणात हा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, थंडी वाजून ताप येतो आणि वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. नंदुरबारमध्ये त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करण्याची ताकद लवकर गमावते. त्यामुळे अशा रुग्णाला लघवी जास्त होते, वारंवार होते, आणि शरीरातले पाणीही लवकर कमी होते. पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती, पोट असह्य दुखू लागते. म्हणजे ज्याने प्रवासात भरपूर पाणी प्यायला हवे, त्यालाच दोन-तीन तासांच्या होडीच्या प्रवासात ‘आता पिऊ नको’ असे सांगायची वेळ येते. उन्हाळ्यात, तापल्या पत्र्याच्या छताखाली, हा सल्ला थेट रुग्णालयात पोहोचवणारा आहे.

होडीवर शौचालय बसवणे वाटते तितके सोपे नसते. घरातल्या शौचालयाला दोन गोष्टी फुकट मिळालेल्या असतात: उतार आणि जागा. आपण पाणी ओततो, ते मैला घेऊन उताराने टाकीत जाते. होडीत उतार मिळत नाही. मैल्याची टाकी बहुधा भांड्याच्या पातळीलाच किंवा त्याहून वर ठेवावी लागते, आणि होडी डोलत असते. शिवाय प्रत्येक वेळी ओतलेले पाणी कुठे तरी साठवावे लागते, आणि पाण्याला वजन असते.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, तरंगत्या दवाखान्यावर आठ जण मुक्कामाला आहेत आणि दिवसभरात बाहेरून तपासणीला लोक येतात. सगळे मिळून शौचालयाचा वापर दिवसाला ७० वेळा झाला. जुन्या पद्धतीच्या फ्लशला एका वेळी १० लिटर पाणी धरले तर ७०० लिटर झाले. त्यात मलमूत्र आणि धुण्याचे पाणी प्रत्येकी दीड लिटर मिळवले तर आकडा ८०० च्या पुढे जातो. हजार लिटरची टाकी सव्वा दिवसात भरेल. व्हॅक्यूम शौचालयाला एका फ्लशला साधारण एक लिटर पाणी लागते. मग तोच आकडा १७५ लिटरवर येतो आणि तीच टाकी पावणेसहा दिवस पुरते. बादलीने दोन-तीन लिटर ओतून काम भागवले तरी फरक उरतोच.

वजनाचा मुद्दा केवळ डिझेलच्या खर्चाचा नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. २०१९ च्या मकरसंक्रांतीला अक्राणी तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत प्रवासी होडी उलटून माणसे बुडाली, ही आठवण या भागात ताजी आहे. त्या अपघाताशी टाकीचा काही संबंध नव्हता. पण होडीचा तोल किती नाजूक असतो हे नर्मदाकाठच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. टाकी लहान, तळाशी आणि मध्ये आडव्या भिंती असलेली हवी, ती याचसाठी.

आता हे एक लिटरचे गणित जमते कसे ते पाहू. ‘व्हॅक्यूम’ म्हटले की यंत्र मैला ओढून घेते असे वाटते. खरे तर ओढत कोणीच नाही, ढकलते ती आपल्या भोवतीची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. तो सर्व बाजूंनी सारखा असल्याने आपल्याला जाणवत नाही. पाइपमधली निम्मी हवा पंपाने आधीच काढून ठेवली, तर पाइपच्या आत दाब निम्मा आणि बाहेर पूर्ण अशी स्थिती होते. मधली झडप उघडली की बाहेरची हवा आत घुसते आणि वाटेत जे असेल ते पुढे रेटते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पाइपच्या तोंडावर हा रेटा सुमारे दहा किलोचा भरतो. स्ट्रॉने उसाचा रस पिताना हेच घडते. शस्त्रक्रियागृहात किंवा प्रसूतिकक्षात रुग्णाच्या घशातला स्राव काढणारे सक्शन मशीनही याच तत्त्वावर चालते: पंप बाटलीतली हवा काढतो आणि स्राव नळीतून बाटलीत येतो. ते यंत्र हाताळलेल्या परिचारिकेला व्हॅक्यूम शौचालय दहा मिनिटांत समजावून सांगता येते.

होडीवरच्या यंत्रणेचे मुख्य भाग चार: भांडे, त्याच्या खालची झडप, पाइप आणि पंपासह टाकी. वापर नसतानाही पाइपमधला दाब कमी करून ठेवलेला असतो. बटण किंवा पायपट्टी दाबली की भांड्याच्या कडेने थोडे पाणी फिरते. मग तळाची झडप दोन-तीन सेकंद उघडते. त्या क्षणात बरीच हवा आवाज करत आत जाते. मैला आणि पाणी तिच्यासोबत वेगाने पाइपमध्ये जातात आणि वाटेत त्यांचा लगदाही होतो. झडप बंद होते आणि पुढच्या वेळेसाठी भांड्यात चमचा-दोन चमचे पाणी उरते. दाब बिघडला की एक स्विच पंप सुरू करतो. पुन्हा हवी तितकी पोकळी तयार झाली की पंप आपोआप थांबतो. मोठ्या जहाजांवर पाइप लांब असतात, तेव्हा मैला एका झटक्यात टाकीपर्यंत जात नाही. पाइपला मुद्दाम ठेवलेल्या खोलगट जागी तो थांबतो आणि पुढच्या फ्लशच्या हवेने पुढच्या थांब्याला जातो, अगदी थांबे घेत जाणाऱ्या एसटीसारखा.

तो ‘सूंऽ’ असा आवाज पहिल्यांदा ऐकणारी मुले घाबरतात. माणूस आत खेचला जाईल ही भीती निराधार आहे, कारण पाइप मनगटाएवढाच असतो आणि झडप क्षणभरच उघडते. तरी झाकण लावून फ्लश करण्याची सवय चांगली. शिंतोडे उडत नाहीत.

या रचनेचा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा फारसा सांगितला जात नाही. साध्या मैलावाहिनीला भोक पडले तर घाण बाहेर येते. व्हॅक्यूमच्या पाइपला भोक पडले तर बाहेरची हवा आत जाते, घाण बाहेर ठिबकत नाही. ज्या होडीवर एका बाजूला टाके घालायचे आणि दुसऱ्या बाजूला बाळाला लस द्यायची, तिथे हा फरक मोलाचा आहे. शिवाय पाइप बारीक असल्याने आणि उताराची गरज नसल्याने तो भिंतीतून, छताखालून, हवा तसा नेता येतो.

कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स लिअर्नूर या डच अभियंत्याने घराघरांतला मैला हवेच्या पोकळीने एका जागी खेचण्याची योजना मांडली आणि ॲमस्टरडॅमसह काही डच शहरांत ती चाललीही. मैला शेतकऱ्यांना खत म्हणून विकायचा असा त्यातला हिशेब होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर जोएल लिलियेनडाल या स्वीडिश अभियंत्याने आजच्या स्वरूपातले व्हॅक्यूम शौचालय बनवले आणि ते पुढे जहाजांवर गेले. अमेरिकेत जेम्स केंपर यांनी १९७५ मध्ये विमानासाठी त्याचे पेटंट घेतले. विमान उंचावर असताना तर पंपही लागत नाही, कारण बाहेरची हवाच विरळ असते. तोरणमाळच्या पठारावर भात शिजायला थोडा जास्त वेळ लागतो तो याच विरळ हवेमुळे. विमान त्याच्या कितीतरी पट वर उडते. नंदुरबारकरांना ही यंत्रणा पाहायची असेल तर वंदे भारत गाडीत बसावे. तिच्यातली शौचालये बायो-व्हॅक्यूम पद्धतीची आहेत. उधना-जळगाव मार्गावर ज्यांनी वर्षानुवर्षे रुळांवर पडणारी घाण पाहिली आहे त्यांना यातला बदल लगेच कळेल.

यंत्रणा बिघडते तेव्हा मात्र ती पूर्ण बिघडते. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायंफ’ या पर्यटन जहाजाच्या इंजिनघरात आग लागली आणि वीज गेली. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे शौचालय नाही. चार हजारांहून अधिक माणसे, बोटीला ओढून किनाऱ्यावर नेईपर्यंत, चार दिवस पिशव्यांमध्ये विधी उरकत होती. अमेरिकी नौदलाच्या दोन विमानवाहू जहाजांवर हीच यंत्रणा वारंवार तुंबते आणि पाइप आम्लाने धुण्याचा खर्च दर वेळी सुमारे चार लाख डॉलर येतो, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवले. एवढ्या श्रीमंत आरमाराची ही गत असेल तर धडगावच्या काठी सुटा भाग मिळायला किती दिवस लागतील याचा विचार खरेदीआधीच व्हायला हवा. बसवताना फीत कापायला सगळे असतात, रबरी झडप बदलायला कोणी नसते, हा सरकारी यंत्रसामग्रीचा जुना रोग आहे.

तुंबण्याची कारणे ठरावीक आहेत. लघवीतले क्षार पाइपच्या आत पुटासारखे जमतात आणि पाच सेंटिमीटरचा पाइप हळूहळू अरुंद होतो. किटलीत पांढरा थर बसतो तसे. पांढऱ्या व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल ठरावीक दिवसांनी फिरवले तर तो थर वाढत नाही. दुसरे कारण म्हणजे नको त्या वस्तू: सॅनिटरी पॅड, कापूस, गॉज, गुटख्याच्या पुड्या, विडीची थोटके. दवाखान्याच्या होडीवर कापूस आणि गॉज हाताशी असतात, म्हणून धोका अधिक. भांड्याशेजारी झाकणाचा डबा ठेवला नाही तर महिन्याभरात पाइप उघडावा लागेल हे नक्की. तिसरे कारण गळती. रात्री कोणी वापरत नसताना पंप आपोआप सुरू होत असेल तर कुठली तरी झडप किंवा सांधा हवा सोडतो आहे, असे समजावे. बहुतेक वेळा भांड्याच्या तळाच्या झडपेवर कण अडकलेला असतो आणि ती पुसली की काम होते.

एवढे सगळे नीट चालले, तरी जंतू जिवंतच असतात. व्हॅक्यूम शौचालय मैला हलवते, शुद्ध करत नाही. टाकीत साठलेला मैला उलट कमी पाण्यातला, म्हणून अधिक दाट असतो. कॉलराच्या तीव्र रुग्णाला तासाला एक लिटरपर्यंत जुलाब होऊ शकतात आणि त्या पाण्यासारख्या जुलाबाच्या प्रत्येक थेंबात जंतू असंख्य असतात. विषमज्वर, अ आणि ई प्रकारची कावीळ, आमांश, हे सगळे याच वाटेने पसरतात. अशा रुग्णाला घेऊन निघालेल्या होडीतून तो मैला नदीत गेला तर खालच्या पाड्यावर त्याच पाण्याने भांडी घासली जातात, गुरांना पाजले जाते आणि मुले त्यात पोहतात. धरणाच्या पलीकडे हेच पाणी कालव्यांतून गुजरातच्या गावांना आणि शहरांना पिण्यासाठी जाते.

समुद्रातल्या जहाजांसाठी ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट आहे. ते २००३ पासून लागू आहे. प्रक्रिया न केलेला, साठवलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर दूर गेल्यावर, जहाज चालू असतानाच हळूहळू सोडता येतो. बारीक करून निर्जंतुक केलेला मैला तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येतो. खाऱ्या, खोल, हलत्या पाण्यात तो विरतो असे त्यामागचे गृहीतक. सरदार सरोवराची सरासरी रुंदी पावणेदोन किलोमीटर आहे. सर्वांत रुंद जागी ते सोळा किलोमीटर भरते. तिथे मधोमध उभे राहिले तरी दोन्ही काठ आठ-आठ किलोमीटरवर. म्हणजे समुद्राचा साधा नियम लावायचा म्हटला तरी या जलाशयात प्रक्रिया न केलेला मैला सोडण्याजोगी एकही जागा नाही. जे साठेल ते जमिनीवरच न्यावे लागणार.

खरी अडचण इथून सुरू होते. बंदरात किंवा धक्क्यावर नळी जोडून टाकी रिकामी करण्याची सोय असते. नर्मदेच्या काठावर धक्का कुठे बांधायचा? जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर पाणी खाली उतरण्याची ठरवलेली किमान पातळी ११०.६४ मीटर. हा फरक २८ मीटरचा, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा. दर वर्षी पाणी एवढे खाली जात नाही, पण पावसाळ्यानंतर जिथे होडी लागते ती जागा उन्हाळ्यात चिखलाच्या उतारावर कुठे तरी वर राहते. स्थिर धक्का इथे निरुपयोगी ठरतो. तरंगता तराफा आणि त्यावर पंप, त्याला जोडलेली लवचिक नळी, आणि ती नळी पूर्ण पातळीच्याही वर असलेल्या शोषखड्ड्याच्या सेप्टिक टँकपर्यंत, अशी रचना लागेल. टाकी पूररेषेच्या खाली बांधली तर पहिल्याच भरलेल्या सप्टेंबरात सगळे पाण्यात मिसळेल.

टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली की झाले, असा एक समज कर्मचाऱ्यांतही आढळतो. तो चुकीचा आहे. क्लोरीन आधी मैल्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी लढण्यात संपते. गोळ्याच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचतच नाही. क्लोरीनचा उपयोग घन भाग वेगळा झाल्यानंतर उरलेल्या पाण्यावर होतो. रेल्वेच्या बायो-टॉयलेटमध्ये प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू मैला कुजवतात. मोठ्या बार्जवर तशी टाकी बसवणे शक्य आहे. पण तिच्यातून बाहेर पडणारे पाणीही पिण्यायोग्य नसते आणि ते नदीत सोडू नये.

टाकीची दुसरी जोखीम वायूची. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच मरते आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. म्हणून टाकीला बाहेर, छताच्या वर उघडणारी वायुनळी हवी, आणि साफसफाईसाठी कोणत्याही कारणाने माणूस आत उतरता कामा नये. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि होडीतली टाकी त्याला अपवाद नाही.

मग नंदुरबारच्या पाण्यावर काय बसवावे? जिथे डॉक्टर आणि परिचारिका मुक्काम करतात अशा तरंगत्या दवाखान्यावर व्हॅक्यूम शौचालयाचा खर्च समर्थनीय आहे. अट एकच: रिकामे करण्याची जागा आणि सुटे भाग आधी, भांडे नंतर. शक्य तर बसण्याचे आणि उकिडवे बसण्याचे अशी दोन्ही भांडी असावीत. वयस्कर माणसाला उंच कमोडवर बसायची सवय नसते आणि गरोदर स्त्रीला नवव्या महिन्यात उकिडवे बसणे जड जाते. धुण्यासाठी सतत वाहणारा नळ न देता तांब्या-बादली ठेवली तर एक लिटरचे गणित टिकते. बॅटरी उतरलीच तर झाकणाची बादली आणि राख किंवा भुसा एवढी पर्यायी सोय कोपऱ्यात असावी.

दोन-तीन तासांच्या फेऱ्या करणाऱ्या बोट ॲम्ब्युलन्सला मात्र इतक्या यंत्रणेची गरज नाही. तिला वीस लिटरच्या बंद टाकीचे, हातपंपाने फ्लश होणारे सुटे शौचालय पुरते. ते बाकाखाली मावते, त्याला वीज लागत नाही, आणि जाड कापडाचा पडदा लावला की आडोसा होतो. फेरी संपल्यावर खालची टाकी सुटी करायची, कडी लावून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायची, तिथल्या सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयात ओतायची आणि हातमोजे काढून साबणाने हात धुवायचे. जुलाबाचा रुग्ण असेल तर टाकी त्याच दिवशी रिकामी करायची, आठवड्याची वाट पाहायची नाही. आणि निघताना सिकलसेलच्या रुग्णाच्या हातात पाण्याची भरलेली बाटली द्यायची, वाटेत संपवायला सांगायचे.